सिरियस आहे, निघून ये

माझी बायको मेली, त्याला आता नऊ महिने झाले. असं बोललं की लोक तोंड वाकडं करतात. म्हणतात, वारली म्हणा, देवाघरी गेली म्हणा. मी आता तसं म्हणत नाही. घरच्या माणसाशी गोड शब्द वापरून मी एकदाच बोललो आणि त्यात माझी मुलगी माझ्यापासून तुटली. नऊ महिने ती माझ्याशी धड बोललेली नव्हती.

मी सुतार. गाव चिपळूणच्या वरच्या अंगाला. शाळा सातवीपर्यंत, तीही धड नाही. ओमानात येऊन तेहतीस वर्षं झाली आणि ती सगळी इब्री गावातच गेली. बाजाराच्या मागच्या गल्लीत अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, नावावर वर्कशॉप आहे. दरवाजे, कपाटं, मजलिसची म्हणजे अरबी दिवाणखान्याची बैठक, जे सांगाल ते करतो. तोंडाचा मी पहिल्यापासून फटकळ. गिऱ्हाइकाला सांगतो, हे लाकूड तुमच्या पैशात बसणार नाही, प्लायवूड घ्या नाहीतर चालू लागा. अर्बाबलाही सोडत नाही. बायको म्हणायची, "लाकडाला मारता तो रंधा एकदा स्वतःच्या जिभेवरून फिरवा."

मुलगी आम्हाला उशिरा झाली. लग्नाला सतरा वर्षं झाली होती, आम्ही आशा सोडली होती. ती इथंच वाढली, इथल्या इंडियन स्कूलमध्ये शिकली. मैत्रिणींशी इंग्लिश, टॅक्सीवाल्याशी हिंदी, आणि आमच्याशी मराठी, ती पण वाकडीतिकडी. 'माझा बाटली कुठे आहे' असं म्हणायची. आम्ही हसायचो. तेव्हा हसलो, ती आमची चूक. तेव्हाच बसवून शिकवायला हवं होतं.

बारावी झाली आणि तिनं जपान काढलं. शाळेतल्या मॅडमनी कुठलीतरी स्कॉलरशिप शोधून दिली होती. जपानातलं एक शहर, थंडीत कमरेएवढा बर्फ पडतो असं. तिथं ख्रिस्ती लोकांचं खासगी विद्यापीठ. पहिलं वर्ष नुसती भाषा शिकायची, मग म्हाताऱ्या माणसांची देखभाल कशी करायची त्याची डिग्री.

मी म्हटलं, "म्हाताऱ्यांना बघायला कॉलेज लागतं? आमच्याकडे सुना बघतात."

बायको म्हणाली, "तुम्हाला कुठली सून येणार आहे? जाऊ दे तिला."

"ते लोक मासा कच्चा खातात."

"तुम्ही ओमानात आलात तेव्हा मी विचारलं होतं का, तिथं काय खाता म्हणून?"

"आणि बाटवलं तिला तर?"

यावर मात्र तिनं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "आपल्या गावात एकवीस देवळं. त्यात एक बाविसावं."

मुलगी गेली. मग घरात जपान शिरलं. स्वयंपाकघरात ओट्याच्या वर दुसरं घड्याळ लागलं, पाच तास पुढचं. सकाळी भाकरी थापताना ही त्याच्याकडे बघून सांगायची, आता तिचा क्लास सुटला, आता ती सायकलवर असेल. बर्फात सायकल चालवते म्हणून हिचा जीव वर-खाली. मला त्यातलं फारसं कळायचं नाही. फोन आला की बोलणं त्या दोघींचं, मी मागून ओरडायचो, "जेवलीस काय?" आणि संपलं. विद्यापीठाचं जे काही मला ठाऊक आहे ते बायकोकडून ऐकलेलं.

तिथं एक चॅपल आहे, म्हणजे त्यांचं प्रार्थनेचं देऊळ. क्लासच्या मधल्या वेळात रोज अर्धा तास तिथं पेटीसारखं मोठं वाद्य वाजतं, गाणं होतं, कुणीतरी चार शब्द बोलतो. जायची सक्ती नाही. पण डिग्रीच्या पहिल्या वर्षाला बायबलचा एक पेपर सक्तीचा. त्यात आमची बाय वर्गात पहिली आली. बायकोनं शिरा केला आणि बिल्डिंगमध्ये वाटला. विचारणाऱ्यांना सांगितलं, गणितात पहिली आली.

तो पेपर शिकवणारे एक म्हातारे पाद्री होते. केस पांढरे, भुवया काळ्या. मुलीनं वर्गात आईवर निबंध लिहिला होता, त्यात आईच्या गुडघेदुखीचं लिहिलं. तेव्हापासून ते पाद्री दर सोमवारी तिला विचारायचे, आईचा गुडघा कसा आहे? एकदा तिनं व्हिडिओ कॉलवर त्यांना दाखवलं. ते वाकले. बायकोनं पदर घेतला आणि ही वाकली. ते परत वाकले. ही परत वाकली. दोघं थांबेचनात. मी म्हटलं, "अगं पुरे, गुडघा जाईल." मुलगी तिकडून हसत सुटली. तेवढं हसणं मला लख्ख आठवतं.

पुढचं सांगायच्या आधी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझी चूक कळायची नाही.

इब्रीत आपला मराठी माणूस मेला की गावाला फोन करायचं काम माझं. कुणी नेमलं नाही, जुना माणूस म्हणून आपोआप अंगावर पडलं. कंपनीचा बाबू इंग्लिशमध्ये कळवतो, पण घरच्यांना आपल्या भाषेत कुणीतरी सांगावं लागतं. आणि ते कसं सांगायचं हे ठरलेलं आहे. 'मेला' म्हणायचं नाही. म्हणायचं, "तुमचा माणूस सिरियस आहे." बस. बाकी समोरचा समजतो. पूर्वी तार यायची तेव्हाही हेच, सिरियस, ताबडतोब निघा. तार हातात घेतली की म्हाताऱ्या बायका न वाचताच बांगड्यांकडे बघायच्या.

गुहागरकडचा एक प्लास्टरवाला परांचीवरून पडला. मी त्याच्या भावाला फोन लावला. म्हटलं, सिरियस आहे. भाऊ म्हणाला, "बरं. कधीपर्यंत येईल? लाकडं आणून ठेवतो." बघा. मी मेला म्हटलं नव्हतं, त्यानं मेला ऐकलं. असे मी किती फोन केले त्याची गणती नाही. एकदाही कुणी चुकीचं समजलं नाही.

जानेवारीच्या शेवटच्या बुधवारी सकाळी मासेवाल्याची गाडी किनाऱ्यावरच्या खाबुऱ्याकडून आली. बायकोनं सुरमई घेतली. ती साफ करता करता मोरीत बसली ती उठली नाही. शेजारणीनं मला बोलावलं. हॉस्पिटलात नेईपर्यंत श्वास होता, आत नेल्यावर अर्ध्या तासात डॉक्टर बाहेर आला. मल्याळी होता, हिंदीत बोलला, "चाचा, नहीं रही." मी घरी आलो तर मासा तसाच मोरीत, अर्धा साफ केलेला, मुंग्या लागलेल्या. मी तो पिशवीत घालून कचऱ्यात टाकला, मोरी धुतली आणि मग मुलीला फोन लावला. ओट्यावरच्या जपानच्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजले होते.

तिनं उचलला. "बाबा? तुम्ही? आई कुठे आहे?"

जन्मभर फटकळ असलेला मी, माझ्या तोंडून शब्द फुटेना. तोंडात जो तयार होता तोच आला. म्हटलं, "बाय, आई सिरियस आहे. निघून ये."

"काय झालं? हार्ट? आयसीयूमध्ये आहे?"

मला वाटलं, रडं आवरायला विचारतेय. माणसं विचारतात असं. म्हटलं, "हॉस्पिटलात आहे." खोटं नव्हतं ते. शवागार हॉस्पिटलातच असतं.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"तू ये."

"उद्या रात्रीची फ्लाइट मिळेल बहुतेक. बाबा, तुम्ही तिच्याजवळच थांबा. तिला सांगा मी येते."

मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि मला वाटलं, कळलं तिला. पोर घट्ट आहे, मोठ्यानं रडली नाही.

तिला काहीही कळलं नव्हतं. तिनं सिरियस म्हणजे सिरियस ऐकलं. इंग्लिश शाळेत शिकलेली पोर, तिनं शब्दाचा जो अर्थ आहे तोच घेतला.

बायकोला गावी न्यायचं नाही असं ठरवलं. तिथं तिचं कुणी उरलं नाही, आणि मुलीला मस्कतला उतरणं जवळ. मस्कतला आपल्या लोकांचं स्मशान आहे. शुक्रवारी सकाळी ॲम्ब्युलन्सनं बॉडी तिकडे आणली. मी एअरपोर्टवर गेलो. बरोबर आमच्या खालचा किराणा दुकानवाला होता. तो दापोलीकडचा मुसलमान, वीस वर्षांपासूनचा शेजारी. गाडी त्याचीच. मला मिस्त्री म्हणतो, मी त्याला मियाँ म्हणतो.

मुलगी बाहेर आली ती जवळजवळ पळत. पाठीला बॅग, हातात प्लॅस्टिकमध्ये घातलेलं एक मोठं जाड कार्ड.

"कुठल्या हॉस्पिटलला जायचंय? इब्री की इकडे आणलं? आयसीयूमध्ये मला सोडतील ना? बाबा, मी गुडघ्याच्या पट्ट्या पण आणल्यात, गरम होणाऱ्या."

मियाँनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे. मला तेव्हा पहिल्यांदा समजलं.

मी म्हटलं, "बाय, ती गेली."

ती म्हणाली, "कुठे गेली? शिफ्ट केलं? दुसऱ्या हॉस्पिटलला?"

तिला तोही शब्द कळला नव्हता. की कळून घ्यायचा नव्हता, ते मी आजही सांगू शकत नाही. आता माझ्याकडे एकच शब्द उरला होता. आमच्याकडे तो शब्द शिवीत असतो, लाडात असतो. बायको मला रागावली की 'मेल्या' म्हणायची, मुलीला 'मेले' म्हणायची. आपल्या मेलेल्या माणसाला मात्र तो लावत नाहीत. तो मला तिथं, ट्रॉल्या घेऊन जाणाऱ्या माणसांच्या मध्ये उभं राहून बोलावा लागला.

"मेली, बाय. तुझी आई मेली. बुधवारीच."

मियाँ खांबाकडे तोंड करून रडायला लागला. ती रडली नाही. तिनं बोटं मोजली. बुधवार, गुरुवार, शुक्रवार.

"तुम्ही कॉल केला तेव्हा?"

"हो."

"तेव्हा ती डेड होती?"

"हो."

स्मशानात अग्नी तिनंच दिला. भटजीनं कुरकुर केली, मी म्हटलं, तुला जमत नसेल तर तू घरी जा, मंत्र नाही झाले तरी जळेल ती. माझी जीभ परत आली होती. दोन दिवस उशिरा.

इब्रीला परत येताना गाडीत ती मागे बसली होती. मग बोलायला लागली ती सगळं एका दमात, मराठी-इंग्लिश एकत्र. गुरुवारी सकाळी ती चॅपलमध्ये गेली होती. स्वतः कधी काही मागायला गेली नव्हती, गाण्यासाठी जायची. त्या दिवशी तिनं पाद्रींना सांगितलं, माझी आई सिरियस आहे. त्यांनी वाद्य थांबवलं. पुढे उभं राहून तिच्या आईचं नाव घेतलं. दोनदा घेतलं, नीट उच्चार यावा म्हणून. मग सगळे उभे राहिले. तिच्या वर्गात एक मुलगा आहे जो कुठलाच देव मानत नाही, तो पण उभा राहिला. सगळ्यांनी मान खाली घालून तिची आई बरी व्हावी म्हणून प्रार्थना केली. नंतर एकीनं धावत जाऊन कार्ड आणलं, त्यावर प्रत्येकानं लिहिलं. लवकर बऱ्या व्हा.

"एका डेड बाईसाठी," ती म्हणाली. "मी सगळ्यांना एका डेड बाईसाठी प्रे करायला लावलं. त्यांच्या देवासमोर मी खोटं बोलले. आणि फ्लाइटमध्ये पूर्ण वेळ मला वाटत होतं, ती आता थोडी बरी असेल. चौदा तास, बाबा."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण जीभ परत आली होती ना. मी म्हटलं, "एवढा मोठा देव त्यांचा, त्याला ठाऊक नव्हतं ती मेली ते?"

मियाँनं गाडी चालवता चालवता माझ्या मांडीवर थाप मारली, गप्प बस म्हणून. उशीर झाला होता. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. पाच दिवस राहिली, आईच्या साड्या घडी करून ठेवल्या, ओट्यावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, आणि परत गेली. कार्ड गाडीतच टाकून गेली. मियाँनं आणून दिलं. मी एकदा ते फाडायला घेतलं, पण पुठ्ठा जाड होता. मग कपाटात साड्यांखाली सरकवलं.

ती गेल्यापासून मी मेसेज टाकायचो, जेवलीस काय. ती दुसऱ्या दिवशी अंगठा पाठवायची. वाढदिवसाला फोन केला, उचलला नाही, 'थँक्स बाबा, क्लास आहे' असं आलं. त्या दिवशी रविवार होता. मी घरी एकटा जेवतो, म्हणजे डाळ आणि खुबूस, ती बाजारची अरबी रोटी. भाकरी मला येत नाही. इतकी वर्षं लाकूड कापलं, दोन भाकऱ्या थापता येत नाहीत. सायटवर आता कुणी मेला की मला बोलावतात, मी जात नाही. सांगतो, दुसरा बघा.

नोव्हेंबरात, शुक्रवारी सकाळी, तिचा फोन आला. तिनं स्वतः केला. मी इतका घाबरलो की पहिल्यांदा हातातून पडला.

म्हणाली, "बाबा, आईचा एक फोटो पाठवा. साडीतला. आणि ते कार्ड आहे का अजून?"

तिथं वर्षातून एकदा त्या चॅपलमध्ये मेलेल्या माणसांचे फोटो मांडून नावं वाचतात. विद्यापीठाशी संबंध असलेल्या सगळ्यांची. पाद्रींनी तिला विचारलं होतं, आईचं नाव घालू का? तेव्हा तिनं त्यांना सगळं सांगितलं. सांगायला तिला नऊ महिने लागले. आई तेव्हा आधीच मेलेली होती, वडिलांनी सिरियस म्हणून सांगितलं, आमच्या गावाकडे असंच सांगतात, मला ठाऊक नव्हतं.

"काय म्हणाले ते?"

"ते म्हणाले, त्यांच्याकडे पण असंच टेलिग्राम यायचं. आई गंभीर आहे, ताबडतोब ये. ते तरुण होते तेव्हा त्यांना आलं होतं, दुसऱ्या शहरात शिकत होते. गावातल्या सगळ्यांना ठाऊक होतं त्याचं मीनिंग. ते पूर्ण ट्रेनमध्ये आईसाठी संत्री धरून बसले होते."

मला वाटलं, आता सुटलो. म्हटलं, "म्हणजे त्यांना समजलं ना."

"त्यांना समजलं," ती म्हणाली. "मला अजून राग आहे. मी खोटं नाही बोलणार."

"बरं."

"आणि बाबा, तुम्ही एकटे आहात. तुम्हाला काही झालं तर मला कोण सांगणार? काय सांगणार? सिरियस?"

तिनं फोन ठेवला.

मी कार्ड काढलं. डांबराच्या गोळ्यांचा वास लागला होता. हिच्या साडीतल्या फोटोबरोबर दोन पातळ फळ्यांमध्ये घालून नीट बांधलं आणि पार्सल केलं. मग खाली मियाँच्या दुकानात गेलो. तो बटाट्याचं पोतं फोडत होता.

म्हटलं, "मियाँ, माझ्या मुलीचा नंबर तुझ्याकडे आहे ना? मी मेलो की तू फोन करायचा."

"तोबा तोबा. सकाळी सकाळी काय घेऊन आलास, मिस्त्री?"

"ऐक. सिरियस म्हणायचं नाही. गेला म्हणायचं नाही. अल्लाला प्यारा झाला, तेही नाही. मेला म्हणायचं. म्हणून दाखव."

"मी नाही म्हणणार असलं अभद्र."

"म्हण."

"अरे, तू जिता माझ्यासमोर उभा आहेस!"

"म्हणूनच म्हण. नंतर तुझी पण जीभ चिकटेल. माझी चिकटली."

त्यानं पोतं सोडलं. हात पुसले. माझ्याकडे न बघता, वजनकाट्याकडे बघून हळू म्हणाला, "बेटी, तुझा बाप मेला."

"मोठ्यानं."

"बेटी, तुझा बाप मेला." मग मला म्हणाला, "आता निघ इथून, हरामखोरा." त्याचे डोळे भरले होते.

वर येऊन मी मुलीला लिहिलं की दुकानवाल्याला सांगून ठेवलंय, तो सरळ सांगेल. तिचं उत्तर मराठीत आलं, पहिल्यांदाच मराठी अक्षरात, चुकांसकट. 'मेलावर तो सांगेल. पण त्याचा आधी तुम्ही सांगा. खरा सांगा.'

मी खुर्चीवर बसून विचार करून लिहिलं. साखर वाढली आहे, गोळ्या विसरतो. उजव्या डोळ्याला कमी दिसतं, मागच्या महिन्यात पटाशी बोटात गेली, तीन टाके पडले. जेवण होत नाही. तुझी आई नसल्यानं घरात बसवत नाही. गाडीत बोललो ते चुकलं. हे सगळं खरं आहे.

दोन निळ्या रेघा आल्या, म्हणजे तिनं वाचलं. उत्तर आलं नाही. मी ओट्यावरचा खिळा बघितला, कपाटातून जपानचं घड्याळ काढलं, त्यात नवीन सेल घातला. किती पुढे लावायचं ते क्षणभर आठवेना. मग पाच तास पुढे लावून टांगलं.